पहिलं लाल

आठ वाजून नऊ मिनिटांनी पडदा वरपासून खालपर्यंत हिरवा झाला. दोन हजार एकशे चाळीस चाचण्या, आणि एकही लाल, म्हणजे नापास, नाही. सहा महिन्यांत असं पहिल्यांदाच घडत होतं.

सून खुर्चीतून उठली आणि तिने आधी सासूकडे पाहिलं.

दोघी एकाच कंपनीत. सासू हाताने चाचणी करणाऱ्यांतली शेवटची, सगळे तिला मावशी म्हणत. सून त्याच चाचण्या आपोआप करणारा प्रोग्राम लिहिणारी, सगळे त्याला यंत्रच म्हणत. तान्ह्या बाळांच्या शिरेत ज्या पंपातून थेंबाथेंबाने औषध जातं, त्याचं सॉफ्टवेअर इथे तयार होई. मावशींच्या सहीशिवाय ते दाराबाहेर पडत नसे.

सुनेचं कौतुक करताना मावशी थकत नसत. पूर्वी आठ जणी अठरा दिवस तीच बटणं, तेच आकडे घालून दाबत बसायच्या. पंधराव्या दिवशी डोळे उघडे असायचे, दिसत काही नसायचं. मावशींनी स्वतः एकदा चुकीच्या आकड्यापुढे बरोबरची खूण केली होती, आणि हे त्या येणाऱ्याजाणाऱ्याला न लाजता सांगत. मग म्हणत, "आमची सून आली आणि अठरा दिवसांचं काम चाळीस मिनिटांवर आलं. जांभई नाही, कंटाळा नाही." काल दुपारी तर सुनेने यंत्राची सगळी मांडणी बदलून ती चाळीस मिनिटंही नऊवर आणली होती.

फक्त रोज सकाळी एक लाल उरायचं. कुठेतरी कुणाचा तरी हात घसरला असणार, असं सगळे धरून चालत. मावशींचा दंडक होता, पहिलं लाल माझं. त्या ते स्वतःकडे घेत, दहा मिनिटांत निस्तरत, खणातल्या तपकिरी वहीत काहीतरी लिहीत, खणाला कुलूप लावत आणि मगच चहाला हात लावत. तोवर पाण्याचा घोटही नाही. असा त्यांचा नेम. पोरं चेष्टा करायची, यंत्राला दृष्ट लागू नये म्हणून हे तीट आहे. सुनेला मात्र ते तीट एकदा तरी पुसायचंच होतं.

आज ते पुसलं गेलं होतं.

साहेब आले. पाठोपाठ बालरुग्णालयाच्या डॉक्टर आल्या. त्यांच्याकडे सहा नवे पंप पाळण्यांशेजारी उभे होते, दुपारपर्यंत त्यांत हे सॉफ्टवेअर घालायचं होतं. पडदा बघून साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीरच केलं की आजचं काम पार पडलं की चाचणी विभागाची प्रमुख म्हणून सूनबाईंचं नाव वर जाईल. टाळ्या वाजल्या. सगळ्यांत जास्त वेळ मावशींनी वाजवल्या.

मग सहीचा कागद त्यांच्यापुढे आला. त्यांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"आणखी एकदा चालव गं," त्या सुनेला म्हणाल्या.

सून हसली. तिने चालवलं. नऊ मिनिटं सगळे उभे. पुन्हा हिरवं.

मागून कुणीतरी विचारलं, आता लालच नाही तर मावशींनी काय उपाशी राहायचं? हशा पिकला. टेबलावर त्यांच्या चहाला साय धरली होती.

मावशींनी बाकावरचा पंप पुढे ओढला. सॉफ्टवेअर आजचंच, औषधाच्या जागी पाणी. त्यांनी दहा मिलिलीटर लावलं, पाचवर थांबवलं, पुन्हा सुरू केलं. पंप आपणहून थांबेपर्यंत हात मांडीवर ठेवून बसल्या. मग खाली जमलेलं पाणी मापाच्या नळीत घेऊन उजेडासमोर धरलं, ओतून टाकलं आणि नळी पुसून कोरडी केली.

"झालं समाधान?" साहेबांनी विचारलं.

"सही होणार नाही, साहेब."

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. साहेबांनी आवाज खाली आणला आणि समजूत घातली, मावशींची खुर्ची कुठे जात नाही, निवृत्तीपर्यंत त्या इथेच आहेत, उगाच मनात काही आणू नये. मागच्या रांगेत कुणीतरी पुटपुटलं की शेवटी सासू ती सासूच.

ते सुनेने ऐकलं. लग्नानंतर तिला पुढे शिकायला पाठवणारी हीच बाई होती. परीक्षेच्या दिवसांत तिला स्वयंपाकघराची पायरी चढू न देणारीही हीच.

"आई," ती हळूच म्हणाली, "कालपर्यंत जगाला सांगत होता ना, माझं यंत्र तुमच्यापेक्षा बरं म्हणून? आज ते पूर्ण हिरवं झालं, तर तुम्हाला बघवेना?"

"तुझ्या यंत्राचा अभिमान मला काल होता, आजही आहे," मावशी म्हणाल्या. त्यांनी कमरेची किल्ली काढली, खण उघडला आणि तपकिरी वही सुनेच्या हातात दिली.

पहिल्या पानावर आधीच्या साहेबांची परवानगीची सही होती. पुढे रोजची तारीख, तारखेपुढे एक ओळ, ओळीपुढे बरोबरची खूण. पानामागून पान तसंच. सून शेवटच्या ओळीवर थांबली. तारीख कालची. 'मध्ये थांबवून सुरू केल्यास मोजणी पुन्हा शून्यापासून.' पुढे खूण नव्हती.

"रोज संध्याकाळी जाताना एक चूक मीच आत घालून जाते. तुझं यंत्र जागं आहे का, एवढंच बघायला," मावशी म्हणाल्या. "काल सकाळपर्यंत एकशे सव्वीस वेळा त्याने मला पकडलं, एकदाही सोडलं नाही. कालची अजून आतच आहे."