दादाबरोबर स्टेशनपर्यंत

"टॅक्सी करू या," जहाज कंपनीचा माणूस म्हणाला. मी चालतच निघाले. बोट बुसानला लागली की दादा बंदरावरून रेल्वे स्टेशनपर्यंत असाच रमतगमत जायचा. आज तो माझ्या हातातल्या चिनीमातीच्या बरणीत होता.

मासळीबाजारापाशी आईचा फोन आला. "अस्थी नीट वेचल्यास ना गं?"

इथे दहनानंतर हाडं यंत्रात दळून देतात. तसं लिहिलेल्या कोरियन कागदावर मी अर्थ न विचारता सही केली होती. बरणीत नुसती पूड होती.

"वेचल्या."

"तू सायन्सवाली, तुला ओळखता येईल. बोटाचं एक हाड बाजूला ठेव. नाशिकला सोडण्याआधी एकदा त्याचा हात धरायचाय मला."

"ठेवते," मी म्हणाले.

स्टेशन आलं. मी तशीच पुढे चालत राहिले.