बूथसमोरचं दुकान

डबा घेऊन मिरजेच्या दवाखान्यात गेलो, तेव्हा कळलं की माझी बायको उमा आदल्या संध्याकाळीच गेली. "सारखी तुम्हाला बोलावत होती. दोनदा फोन केला," नर्स म्हणाली. नंबर आमच्या गल्लीतल्या मानसिंगच्या एसटीडी बूथचा होता. गणपती मंडळावरून आमचं वाजलेलं. त्यानं निरोप दिलाच नाही.

दोन हजार दोनला मी त्याच्या बूथसमोरच इंटरनेटवरून बोलायचं दुकान टाकलं. "आवं अण्णा, त्या खोक्याशी कोण बोलतंय? लय तर चार महिने चालंल!" तो हसला. वर्षभरात त्याचाच बूथ बंद पडला, घरचा फोनही कापला गेला.

आज अमेरिकेहून त्याची शिवांजली माझ्या कॉम्प्युटरवर बोलली. "अण्णाकाका, तासाभरात माझ्या ऑपरेशनला निघायचंय. भीती वाटतेय, बाबांना बोलवा ना."

 

मानसिंग समोरच्या कट्ट्यावर बसलाय. मी अजून त्याला हाक मारलेली नाही.