सोमवारची वही

वहीची पानं मोजून झाली तेव्हा तपासनीसांनी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून मोजली. शहाण्णव म्हणजे शहाण्णव. मग पट्टी लावली. समास वरपासून खालपर्यंत सारखा. पाठीवर नऊ टाके, आणि त्यांच्यातलं अंतर केसभरही कमीजास्त नाही.

"मानलं बाईला," ते म्हणाले.

एकतीस वर्षं कारखान्यात माल तपासलेला हा माणूस. त्यांच्या हाताखालून पहिल्या झटक्यात पास झालेली वस्तू कोणी पाहिली नव्हती, घरचा चहासुद्धा नाही. निवृत्त झाल्यावर तपासायला काही उरेना, तेव्हा त्यांनी ऑनलाइन वह्या मागवायला सुरुवात केली.

हाताने शिवलेल्या वह्यांचं ते छोटंसं दुकान. चालवणारी एक बाई, एवढंच काय ते कळायचं. तिचं नाव नाही, फोटो नाही. पाकिटावर दुकानाचा शिक्का आणि टपालपेटीचा क्रमांक. पण दर सोमवारी सकाळी दहाला नवी वही विक्रीला लागायची. दहा म्हणजे दहा. चार वर्षांत एकही सोमवार चुकला नव्हता. पहिल्या वर्षी तर गिऱ्हाईक जवळजवळ नव्हतंच, हे तपासनीसांनी जुन्या नोंदी चाळून शोधून काढलं होतं. तरीही बाई वही शिवत होती.

पहिल्याच वहीवर त्यांनी तक्रार ठोकली होती, "चौथा टाका सैल." उत्तर आलं, "बरोबर आहे. बदलून पाठवते." बदलून आलेल्या वहीच्या चौथ्या टाक्यात नखही शिरेना. मग कोपरे झाले, मग डिंकाचा वास, मग पुठ्ठ्याची जाडी. दोन वर्षांत छत्तीस तक्रारी. बाईने एकदाही वाद घातला नाही आणि एकही चूक दुसऱ्यांदा केली नाही. दुसरी कोणी असती तर तिने या गिऱ्हाइकाला केव्हाच कोपरापासून नमस्कार केला असता.

"याला म्हणतात सातत्य," तपासनीसांनी बायकोला ऐकवलं. "नाहीतर तू. आरंभशूर. कपाटात तो अर्धा स्वेटर पडलाय. त्याला बाह्या लागायच्या आत मुलगा बापाएवढा झाला."

"झाला खरा," बायको चपला घालत म्हणाली. रोज सकाळी ती थोरल्या बहिणीकडे मदतीला जायची. बहिणीचे गुडघे दुखायचे. गेली कित्येक वर्षं दुखतच होते.

"ताई आता लेकाकडे जाणार म्हणतेय," दारातून ती म्हणाली. "कायमची."

"मग गुडघ्यांचं काय?"

"ते पण नेईल बरोबर."

पुढच्या सोमवारी दहाला वही लागली. पण तिच्याखाली एक ओळ होती. महिनाअखेर दुकान बंद होत आहे.

तपासनीस खुर्चीतून उठले. नोकरीच्या शेवटच्या दिवशीही त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं. त्यांनी तिथल्या तिथे लिहिलं, "कारण कळवा. माल उत्तम आहे, मागणी आहे. चालतं दुकान बंद करणं हा मोठा दोष आहे."

उत्तर नेहमीसारखं पाच मिनिटांत आलं. "घरी सांगितलेलं नाही. आता लपवून करणं जमणार नाही."

"चार वर्षं सांगितलं नाही? का?"

या वेळी अर्धा तास गेला. "एखादा सोमवार चुकला असता तर यजमान हसले असते. म्हटलं, आधी वर्षभर करून दाखवू. मग गप्प राहायचीच सवय झाली."

तपासनीसांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. संध्याकाळपर्यंत ती उतरली नव्हती.

"त्या वहीवाल्या बाईचा नवरा शुद्ध ठोंब्या आहे," ते बायकोला म्हणाले.

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. "कामात असेल बिचारा."

"कसलं काम? डोळ्यांसमोरची वस्तू दिसत नाही त्याला. माझ्या हाताखाली असता तर आठ दिवसांत घरी बसवला असता."

"घरीच बसला असेल," बायको म्हणाली आणि टॉवेल उचलला.

दुसऱ्या दिवशी बायको गेल्यावर त्यांनी बैठक मारून पत्र लिहिलं. "बाई, आजवर छत्तीस दोष कळवले. हा सदतिसावा. आपण भिता. उद्याच त्या माणसाला समोर बसवा. वही त्याच्या हातात द्या. त्याचं बोलणं संपायची वाट बघू नका, असल्या माणसांचं बोलणं संपत नसतं. घरातली एक खोली मागून घ्या. आपल्यासारखं काम मी एकतीस वर्षांत पाहिलं नाही." शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचलं. काही काढावं असं वाटेना. पाठवून दिलं.

उत्तर आलं नाही. दुपार गेली, संध्याकाळ गेली. असं आजवर कधीच झालं नव्हतं. आपण फार बोललो की काय, या विचाराने त्यांना जेवण गोड लागेना. एका नेक कामाचा शेवट आपल्या हातून व्हावा, याची त्यांना खरोखर लाज वाटत होती.

सकाळी ते फोन हातात घेऊन येरझाऱ्या घालत होते. बायकोने चहा आणून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि म्हणाली, "बसा."

ते बसले. तिने त्यांच्या हातात एक वही दिली. वहीला पाकीट नव्हतं, पुठ्ठाही नव्हता. पाचव्या टाक्यापाशी दोऱ्याला सुई लोंबत होती.

"अगं, ही कुठून आणलीस? आणि आज ताईकडे जायचं नाही का तुला? मी काल त्या बाईला..."

"बोलणं संपायची वाट बघू नका, असं तुम्हीच लिहिलंय," बायको म्हणाली. "मागची खोली आजच्या आज मोकळी करा."