वचनाखालच्या नोंदी

“रोमकरांस पत्रावरचं हे तिसरं भाष्य,” व्हर्ना नोस्के म्हणाली. “एकाच लेखकाचं. पास्टर मोड्रांनी कधी काही टाकलंच नाही.”

“मग तू टाक,” ग्लेनिस म्हणाली आणि थर्मासातला चहा कपांत ओतायला लागली. “तुझ्या हातात दिलंय ना सगळं?”

पास्टर मोड्रा जानेवारीत वारले. चर्चच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर, बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्यांची दोन हजार सहाशे पुस्तकं होती. ना क्रम, ना कप्पे. उपदेशांच्या शेजारी हिब्रू शब्दकोश, त्याच्या शेजारी लग्नातल्या प्रार्थना. नवे पास्टर शिर्मर तरुण होते आणि चार गावांच्या चार मंडळ्या त्यांच्या गळ्यात होत्या. हे कोण लावून देईल, असं त्यांनी बैठकीत विचारलं, तेव्हा त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत व्हर्नाचा हात वर गेला होता.

कुणाला नवल वाटलं नाही. वेदीवरची फुलं तीच लावायची, रविवारचं पत्रकही तीच टाइप करायची. घरापासून चर्चपर्यंत दोन किलोमीटर धुळीतून चालत यायची. अकरा वर्षांपूर्वी तिने गाडी चालवणं सोडलं होतं. नजर अधू झाली म्हणायची.

“पुस्तकांना लेबलं लावा, दुहेरी असतील ती लपवा,” शिर्मर म्हणाले होते. “पण वचनांखाली पास्टर मोड्रांच्या नोंदी आहेत ना, त्यांना धक्का लावू नका. चाळीस वर्षांचं शहाणपण आहे. मी सावकाश वाचीन.”

“त्यात लोकांचं खासगी असेल हो,” व्हर्ना म्हणाली. “आधी मी चाळून घेते.”

नोंदी छोट्या होत्या. कोण भेटायला आलं, काय बोललं, त्याच्याबरोबर कोणतं वचन वाचलं. पूर्ण नाव मोड्रा कधीच लिहीत नसत, फक्त पहिलं अक्षर. शोधपट्टीत एक अक्षर टाकलं की हजारो ओळी वर यायच्या. त्यामुळे व्हर्नाने उत्पत्तीपासून सुरुवात केली, एकेक अध्याय उघडत. सकाळी नऊला यायची, चारला जायची. पेरण्या झाल्या, गहू वीतभर उगवला आणि पावसावाचून तसाच पिवळा पडला. व्हर्ना स्तोत्रांपर्यंत पोचली होती.

मंगळवारी ग्लेनिस यायची. व्हर्ना चर्चमध्ये असो की घरी, ग्लेनिसचा मंगळवार तिच्याकडेच. बरोबर साखर-लोण्याचा चुरा घातलेला केक. दोघी फारसं बोलायच्याही नाहीत. ग्लेनिसचा मुलगा ब्रेंटन बावीस वर्षांचा असताना गेला. फुटबॉल क्लबातून चालत घरी येत होता. धान्याच्या सायलोजवळच्या वळणावर कुठल्याशा गाडीने उडवलं आणि गाडी थांबली नाही. पोलिसांनी क्लबातल्या पोरांच्या गाड्या तपासल्या. काही निघालं नाही.

“ब्रेंटनबद्दल काही लिहिलंय का गं त्यांनी?” ग्लेनिस अधूनमधून विचारायची.

“अजून तरी नाही.”

“सापडलं तर सांग. कसंही असू दे. मी ऐकून घेईन.”

जूनमधल्या एका गुरुवारी, पश्चात्तापाच्या एक्कावन्नाव्या स्तोत्राखाली, व्हर्नाला ‘व्ह.’ने सुरू होणारी दोन ओळींची नोंद दिसली. तिने ती वाचली. पुन्हा वाचली. मग ती पुसली आणि बाहेर पायरीवर येऊन बसली.

शिर्मर गाडीतून उतरत होते. “काय झालं? बरं नाही का?”

“धूळ गेली डोळ्यांत.”

त्यानंतर तिने नोंदी चाळणं सोडलं. उरलेली लेबलं पाच दिवसांत भराभर लावली.

पुढच्या मंगळवारी ग्लेनिस आली, तेव्हा केक नव्हता. खुर्चीच्या पाठीला धरून ती हळूच बसली.

“पोरगी येतेय न्यायला, जॅनीन. ॲडिलेडच्या हॉस्पिटलात,” ती म्हणाली. “स्वादुपिंडाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत.”

“ग्लेनिस!”

“रडू नकोस. मी नाही रडले.” ती कॉम्प्युटरकडे बघत होती. “झालं का तुझं काम?”

“झालं.”

“मग? काही सापडलं?”

व्हर्नाने बोटातली अंगठी फिरवली. बाहेर जॅनीनने हॉर्न वाजवला. ग्लेनिस उठली नाही.

“सांग ना गं. आता मला काय फरक पडणार आहे?”

“काहीच नव्हतं,” व्हर्ना म्हणाली. “खरंच. सगळं बघितलं मी.”

ग्लेनिस बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा हात हातात घेतला, दाबला आणि सोडला.

“बरं,” ती म्हणाली. “येते मी.”

तीन आठवड्यांनी जॅनीनचा फोन आला. दफन गावातच, ब्रेंटनच्या शेजारी.

आदल्या दिवशी दुपारी शिर्मर ऑफिसात आले. “मी ग्लेनिसना नीट ओळखतसुद्धा नव्हतो. ब्रेंटन गेला तेव्हा पास्टर मोड्रांनी त्यांना एखादं वचन दिलं असेल. तेच उद्या वाचावं म्हणतो. बघता का?”

“नोंदींत सापडणं कठीण आहे.”

“तारखेने लावता येतात की. हे बघा.” त्यांनी वाकून एक बटण दाबलं. सगळ्या नोंदी वर्षावर्षाने ओळीत उभ्या राहिल्या. ते अकरा वर्षं मागे गेले, मग खिशातलं पेन काढून टेबलाच्या पलीकडे बसले. “आता ‘ग’ शोधा. वचन मिळालं की मोठ्याने वाचा, मी लिहून घेतो.”

व्हर्नाने चष्मा पुसला. ब्रेंटनच्या दफनानंतरच्या नवव्या दिवशी एक नोंद होती. लूक, पंधरावा अध्याय.

“ग. आली होती. व्ह.च्या शेडमध्ये ताडपत्रीखाली फुटलेला दिवा आणि बॉनेटवरचं रक्त तिने स्वतः पाहिलं आहे. पोलिसांत जाणार नाही म्हणते. व्ह. आपल्या तोंडाने सांगेल, त्या दिवशी तिला माफ करायचं, एवढ्यासाठी दर आठवड्याला तिच्याकडे जाऊन बसणार आहे.”