आम्ही की आपण?

“ही शेगडीपण नेऊ?” दत्तोबा भंगारवाल्याने विचारलं.

“ने,” मालनबाई म्हणाल्या.

“आणि दुसरी?”

“ती मंगळवारी ट्रकमध्ये जाईल.”

स्वारगेटमागची ती जुनी सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरल्यापासून दत्तोबाची हातगाडी गेटपाशी मुक्कामालाच होती. त्याने ओट्याकडे पाहिलं. एका शेगडीवर कुकर चढलेला, दुसरी कित्येक वर्षांत पेटलेली दिसत नव्हती.

“एका ओट्यावर दोन चुली! आणि आता एक मोडीत. मिटलं म्हणायचं भांडण.”

“भांडण नव्हतंच रे कधी,” मालनबाई हसल्या. त्यांनी शेगडीवरून हात फिरवला, “खूप केलंस हो माझं,” असं तिला म्हणाल्या आणि मगच ती उचलू दिली.

“शेगडीला थँक्यू?” पुठ्ठ्याच्या खोक्यात बसलेल्या ओवीने डोळे मोठे केले. ती पहिलीत होती.

“इतकी वर्षं चहा पाजला तिने. न बोलता कसं पाठवायचं?”

ओवी बोलायला लागल्यापासून घरात सगळेच मालनबाईंना आजी म्हणत. ओवीची आई पूर्णिमा, बाबा रोहन, कामाला येणारी गोदाबाईसुद्धा. शिलाई मशीन गोदाबाईकडे गेलं होतं. लोखंडी कपाट वॉचमनने नेलं. आज सकाळी मालनबाईंची कॉटही खाली उतरली होती.

आतल्या खोलीतून पूर्णिमाचा आवाज आला, “आजी, जरा दमाने. सगळं आजच काढायला हवंय का?”

“अडगळच ती. आज काय, उद्या काय!”

खरी गोष्ट मालनबाईंनी कुणाला सांगितली नव्हती. खडकवासल्याच्या वाटेवर एक वृद्धाश्रम होता. नवी इमारत उभी राहीपर्यंतची सोय म्हणून तिथे त्यांनी फोन करून ठेवला होता. येताना एक ट्रंक आणा, त्याहून जास्त ठेवायला जागा नाही, असं तिथल्या बाई म्हणाल्या. म्हणून ट्रंकेत मावेल तेवढं ठेवायचं आणि बाकीचं हसतमुखाने वाटून टाकायचं.

वारजेचा फ्लॅट रोहन आणि पूर्णिमाने स्वतःच्या हिमतीवर घेतला होता. त्याचं मालनबाईंना फार कौतुक होतं. पण पूर्णिमा त्याबद्दल बोलायची तेव्हा ‘आम्ही’ म्हणायची. आम्ही पडदे बघून आलो. आम्ही मंगळवारी जातोय. आजींचं काय, ते ती बोलत नव्हती. आणि मलाही न्या, असं मालनबाई म्हणणार नव्हत्या. त्यांच्या आजारपणात या मुलीने रात्री जागवल्या होत्या. रोहनने ऑफिस सांभाळून दवाखान्याच्या खेपा घातल्या होत्या. एवढं मिळालं हेच पुष्कळ. आणखी मागायचं ते कुठल्या तोंडाने?

“आजी,” ओवी खोक्यातून म्हणाली, “काल आपण नवीन घरी गेलो होतो ना, तेव्हा तू नव्हतीस!”

बालवाडीत शिकवण्यात उभा जन्म गेलेल्या मालनबाईंना राहवेना. “मी नव्हते ना? मग ‘आम्ही गेलो होतो’ म्हणायचं. ज्याच्याशी बोलतेस तो नसला की आम्ही. त्यालाही धरलं की आपण.”

“इंग्लिशमध्ये नुसतं ‘वी’ असतं.”

“असू दे. आपल्याकडे दोन आहेत. कुणाला धरलं, कुणाला सोडलं, ते बोलतानाच कळतं.”

ओवीने बराच विचार केला. “मग मंगळवारी आम्ही जाणार की आपण जाणार?”

मालनबाईंच्या हातातला डबा हातातच राहिला. लहान मुलाचा प्रश्न त्यांनी आजवर कधी परतवला नव्हता.

“आईला विचार,” त्या म्हणाल्या.

ओवी आत पळाली. खोक्यांना चिकटपट्टी लावण्याचा चर्रचर्र आवाज एकदम बंद पडला.

मग पूर्णिमा दारात आली. केसांत थर्माकोलचे कण, नाक लाल.

“काय शिकवताय तुम्ही हिला?”

“सर्वनामं.”

“वा! आणि परीक्षा माझी?” तिने ओढणीने नाक पुसलं. “रोहन महिनाभर मागे लागलाय, आजींना विचार, आजींना विचार. मी म्हणते, त्या नको म्हणाल्या तर? आणि इथे तुम्ही एकेक वस्तू वाटत सुटलाय. मला वाटलं, तुमचं कुठेतरी ठरलंय. मग आम्ही कोण अडवणार?”

“ठरवलं होतं,” मालनबाई हळूच म्हणाल्या. “कुणी विचारलं नाही म्हणून.”

“मग आता विचारते. खिडकीची खोली तुमची. ओवी तिथेच झोपणार म्हणते, तेवढं सोसावं लागेल. येणार ना?”

मालनबाईंनी मान डोलावली आणि ओवीला जवळ ओढलं.

“मंगळवारी आपण जाणार,” त्या म्हणाल्या. “म्हण बघू.”

“ही ट्रंक पण घेऊ?” दारातून दत्तोबाने विचारलं.

“ट्रंकेला हात लावू नका,” पूर्णिमा म्हणाली. “आणि खालची कॉट परत वर आणा.”

“अहो ताई, तीन मजले आहेत!”

“उतरवताना नव्हते का?”

“आणतो बाई. पण आता शेगडी मागू नका.”

“ती न्या!” दोघी एकदमच म्हणाल्या.

मंगळवारी वारजेत सामान लागेपर्यंत संध्याकाळ झाली. समोरच्या फ्लॅटमधल्या दीपमालाताई चहाचा थर्मास घेऊन आल्या. मालनबाईंनी त्यांचे दोनदा आभार मानले. खिडकीतून वारा छान येत होता.

“नशीबवान आहात,” दीपमालाताई पूर्णिमाला म्हणाल्या. “वडीलधारं माणूस घरात असलं की बरं असतं. सासूबाई ना?”

“नाही.”

“मग आई! तरीच. चेहरा अगदी सारखा आहे.”

“नाही हो,” चहाचा कप आधी मालनबाईंच्या हातात देत पूर्णिमा म्हणाली, “जुन्या घरी आम्ही यांचे भाडेकरू होतो.”