पाहुण्यांचं पाणी

जवळ सरका मंडळी, बाटलीभर पाण्याची गोष्ट सांगतो.

गावात पोरं जुलाबानं गळालेली, पण विहिरीच्या पाण्याचा नमुना तिन्ही वेळा स्वच्छ निघाला. पाणी आणि आरोग्यावर सल्ला देणाऱ्या छोट्या संस्थेतली मृण्मयी चक्रावली. चौथ्या वेळी नमुना न्यायला ती स्वतःच आली.

दरवेळी बाटली भरून पाठवणाऱ्या यमुनाक्का चुलीपाशी होत्या. उकळून निवलेलं पाणी फडक्यातून बाटलीत गाळत होत्या.

"आक्का, मला विहिरीचं हवं होतं."

"विहिरीचंच आहे की. पण पाहुण्यांना तसंच कसं द्यायचं, बाई?"

"आणि घरच्यांना?"

आक्कांनी ती बाटली अंथरुणावरच्या नातवाच्या ओठांना लावली.

मंडळी, घोटभर पाणी प्याल, तेव्हा यमुनाक्कांची आठवण ठेवा.