काडेपेटीतला नंबर

"मान वर कर आणि आधी हे गिळ," म्हणत सेकांडीनं चपातीत गुंडाळलेलं अंडं टुमविनेच्या मांडीवर आदळलं.

"एक मिनिट रे. एवढा डाव होऊ दे."

टुमविनेचं एक मिनिट कधी संपत नसे. वसतिगृहात नेट रडतखडत चालायचं, फोनवरचा गेम सारखा अडकायचा, म्हणून तो बाडबिस्तरा उचलून कंपाला शहराच्या या टोकाला, सेकांडीच्या खोलीत येऊन पडला होता. विद्यापीठाचं तोंड त्यानं पुन्हा पाहिलं नव्हतं. डेटा स्वस्त मिळतो म्हणून नवं सिमकार्ड घातलं, जुनं काडेपेटीत टाकलं. इथली सगळीच पोरं असं करतात. फक्त ती नवा नंबर घरी कळवतात.

"आईला सांगितलंस का?" सेकांडी रोज विचारी.

"सांगतो ना, पळून चाललीय का ती?" हा रोज म्हणे.

डाव हरला. दुसरा सुरू होईपर्यंत त्याचा अंगठा विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरू लागला. विनोद, फुटबॉल, कुणाचं तरी लग्न. मग एक फोटो. चर्चच्या पायरीवर पांढऱ्या सदऱ्यातला गुबगुबीत मुलगा, त्याच्या खांद्यावर कुणा बाईचा हात. खाली ठळक अक्षरांत 'बेपत्ता'. पुढचं त्यानं वाचलंच नाही. अशा फोटोचं काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं. 'देव त्या माउलीला बळ देवो' असं लिहून, खाली जोडलेले हात चिकटवून त्यानं तो ओळखीच्या सगळ्यांना पाठवून दिला. तेवढंच पुण्य पदरात पडलं. नवा डाव सुरू झाला.

कोपऱ्यात सेकांडीच्या फोनवर मेसेज वाजला. त्यानं फोटो पाहिला, मग टुमविनेकडे पाहिलं. गालफडं बसलेली, डोळे तांबारलेले. ओळख पटायला त्यालाही वेळ लागला.

"टुमविने, हा कोण आहे, नीट बघितलंस?"

"असेल कुणीतरी दिवटा. बिचारी आई!"

फोटोखालचा नंबर सेकांडीनं फिरवला आणि फोन टुमविनेच्या कानाला लावला.

"हॅलो? माझा टुमविने दिसला का हो कुठं? जिवंत आहे ना माझं लेकरू?"

टुमविनेच्या डोळ्यांत पाणी तरारलं. खरंच तरारलं. पण पडद्यावर डाव ऐन रंगात आला होता, आणि अंगठा काही थांबत नव्हता.

"एक मिनिट हं, आई," तो म्हणाला.